दुसरी थाप

आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, सरली की सुरतेत झाडांची छाटणी सुरू होते. पावसाच्या आत रस्त्यावरच्या फांद्या उतरवायच्या असतात, म्हणून महिना-दीड महिना शहरभर कापायची मशीनं घरघरत असतात म्हणे. मी 'म्हणे' म्हणतो, कारण मला ती घरघर ऐकू येत नाही. मला छाटणी नाकाने कळते. सकाळी लिंबायतच्या नाक्यावर चहा घेताना कुठून तरी कापल्या कडुलिंबाचा कडवट ओला वास येतो, त्यात मशीनच्या जळक्या तेलाचा वास मिसळलेला असतो, आणि मी समजतो की आली बया एकदाची. तोंडातला चहा मग कितीही साखर घातली तरी गोड लागत नाही.

लोकांना हा वास आवडतो. ताजं वाटतं म्हणतात. मला तो सोसत नाही आणि ते कोणाला सांगायची सोय नाही, कारण सांगितलं की का, हेही सांगावं लागेल. लोटन माझ्या बायकोचा, सिंधूचा, धाकटा भाऊ. सहा वर्षांपूर्वी याच दिवसांत तो झाडावरून पडला आणि कमरेखालून गेला. तेव्हापासून तो आमच्याकडेच असतो, माडीवरच्या खोलीत, खिडकीपाशी. दर आखाजीला मी ठरवतो की यंदा त्याला ती एक गोष्ट सांगून टाकायची. दर आखाजीला आमरस-पुरणपोळी खातो, हात धुतो आणि गप्प बसतो. असल्या माणसाला काय म्हणायचं ते ज्याने त्याने ठरवावं, मी माझं ठरवून बसलोय.

मी मूळ धुळे जिल्ह्यातला. दहावी झालो आणि आमच्याकडची निम्मी पोरं जातात तसा सुरतेला आलो, कापडाच्या लूमवर लागलो. अकरा वर्षं मी लूमवर काढली. ज्याने लूमचं खातं, म्हणजे कारखाना, आतून पाहिलं नाही त्याला तो आवाज सांगून कळायचा नाही. दोनशे लोखंडी पेट्या एकदम आपटत असतात आणि तुम्ही त्यांच्या मधोमध बारा तास उभे. तिथे कोणी बोलत नाही. बोटांनी खुणा करतात, ओठ हलवतात, फारच गरज पडली तर कानाला तोंड लावून ओरडतात. बाहेर आल्यावरही कानात ते चालूच राहतं. मग एक दिवस ते बंद होतं आणि माणसाला वाटतं, चला, सुटलो.

सुटलो कसला. पण कळणार कसं? लिंबायतमध्ये सगळेच लूमवाले, सगळेच बहिरट. घराघरांत बायको नवऱ्याशी ओरडून बोलते, टीव्ही पूर्ण आवाजात लावलेला असतो, फोनवर बोलणारा माणूस अख्ख्या गल्लीला ऐकवतो. पुण्याहून एक पाहुणे आले होते, त्यांना वाटलं आमच्याकडे भांडण चाललंय, आणि सिंधू त्यांना नुसतं जेवायला बसा म्हणत होती. अशा ठिकाणी एखाद्याचे कान गेले तर ते कोणाच्या लक्षात येणार? आम्ही त्यावर हसायचो. मीही हसायचो.

पुढे जुने लूम भंगारात गेले आणि नव्या मशीनवर नवी माणसं लागली. मी महिनाभर नाक्यावर बसून काढला. आमच्या गल्लीत भिवा नाना म्हणून एक म्हातारे होते, आमच्याच तालुक्यातले. त्यांची झाडं कापणाऱ्या पाच माणसांची टोळी होती. नानांनी मला खालचा माणूस म्हणून घेतलं, म्हणजे दोर धरणारा. वरचा माणूस फांदीला दोर बांधतो, खालचा तो दोर खोडाला दोन वेढे देऊन धरतो, आणि फांदी कापली की हळूहळू सोडतो. दोर धरून तळहाताची कातडी निघाली, पण मोकळी हवा होती, सावली होती, आणि मालक डोक्यावर उभा नव्हता. त्या दिवसांत मला ते काम फार आवडलं. खोटं कशाला बोलू?

नानांच्या टोळीत एक रीत होती. झाड छोटं असो की मोठं, आधी सगळ्यांनी चपला काढायच्या. मग नाना कुऱ्हाड उलटी धरून तिच्या बोथट बाजूने खोडावर थाप मारत. एक बुंध्याशी, एक छातीच्या उंचीला, एक वर हात पोचेल तिथे. प्रत्येक थापेला खोडाला कान लावून डोळे मिटून ऐकत. तेवढा वेळ कोणी खोकायचं नाही. एकदा भर रस्त्यात त्यांनी रिक्षावाल्याला गाडी बंद करायला लावली होती, आणि तो रिक्षावाला चकार शब्द न काढता थांबला होता. झाड भरीव असेल तर आवाज बसका येतो, आत पोकळ असेल तर थाप आत फिरून परत येते, असं ते सांगत. मग ते वरच्या माणसाकडे बघून एवढंच म्हणत, "चढ." हा शब्द थाप मारणाऱ्यानेच म्हणायचा. दुसऱ्या कोणी म्हटलं तर कोणी चढत नसे, मग साक्षात ठेकेदार का असेना.

नाना थकले तेव्हा त्यांनी कुऱ्हाड माझ्या हातात दिली. टोळीत शिकलेला मीच, वयानेही मीच मोठा, आणि नानांची मर्जी. सगळ्यांसमोर दिली. सिंधूने त्या दिवशी गोडाचा शिरा केला. मी नाही म्हणू शकलो असतो. "नाना, मला ऐकू कमी येतं," एवढे पाच शब्द होते. ते त्या दिवशी तोंडात आले नाहीत आणि मग पुढे त्यांची किंमत वाढतच गेली.

सुरुवातीला मला अगदीच ऐकू येत नव्हतं असं नाही. बसके आवाज यायचे. शिवाय मी एक युक्ती काढली होती, नानांसारख्या तीन थापा न मारता एकच मारायची आणि डावा तळहात खोडावर सपाट ठेवायचा, म्हणजे थाप हातात उतरते. पोकळ झाडाची थाप हाताला मुंग्या आणते. हे मला खरंच जमायचं, दोन-तीन वेळा मी मोठी झाडं पोकळ म्हणून सोडली आणि ती नंतर वाऱ्यात पडली. तेव्हापासून काय बोलबाला! हिरामणभाऊचा कान म्हणजे कान, असं टोळ्या-टोळ्यांत बोलत. ते कौतुक माझ्या डोक्यात गेलं. बहिऱ्या माणसाला कोणी कानाचं कौतुक केलं तर त्याने एक तर रडावं किंवा खरं बोलावं. मी मिशीला ताव दिला.

लोक आम्हाला काय काय बोलायचे ते मात्र कोणी नीट ऐकवलं नसतं तरी चाललं असतं. अडाजणच्या एका गॅलरीतून एक बाई फोनवर आमचं शूटिंग करत होती आणि झाडं मारता, लाज वाटत नाही का, असं विचारत होती. आमचं डोकं खाली. पुढच्याच महिन्यात त्याच बाईचा अर्ज होता, गच्चीवर सोलर बसवलंय, समोरच्या झाडाची सावली पडते, पूर्ण काढून टाका. तेव्हा तिने आम्हाला थंड पाणी दिलं, बर्फ घालून. या शहराचं झाडांवर प्रेम आहे, नाही कोण म्हणतो? फक्त झाड दुसऱ्याच्या दारात पाहिजे, त्याची पानं आपल्या गटारात पडायला नकोत आणि सावली तेवढी गाडीवर यावी.

लोटन आला तेव्हा बावीस-तेवीसचा असेल. तो लूमवर कधीच गेला नाही. गावाकडे ताडावर, चिंचेवर, जिथे म्हणाल तिथे चढायचा, त्यामुळे सरळ आमचा वरचा माणूस झाला. चढायचा कसा, ते बघत राहावं. घाई नाही, धाप नाही, जिना चढावा तसा. त्याची एक सवय होती. चढताना कोयत्याच्या मुठीने खोडाला, फांद्यांना टकटक करत जायचा. मी खालून ओरडायचो, हा काय पोरखेळ, वाजवून झालंय माझं. तो वरून हसायचा आणि पुढच्या फांदीला पुन्हा टकटक करायचा. मला वाटायचं, हात शिवशिवतात त्याचे.

त्याची आणखी एक सवय सिंधूला फार आवडायची. माझ्याशी बोलताना तो आधी समोर येऊन उभा राहायचा, तोंड माझ्याकडे करायचा आणि सावकाश बोलायचा. पाठीमागून कधी हाक मारली नाही. जवळ येऊन खांद्याला हात लावायचा आणि मग "दाजी" म्हणायचा. सिंधू सगळ्यांना सांगायची, बघा, माझा भाऊ दाजींचा किती मान ठेवतो. मीही तो मान घेत राहिलो.

आखाजीला गल्लीतल्या लिंबाला झोका बांधायचं काम लोटनचं. आमच्या खान्देशी बायकांना आखाजीला झोका पाहिजे म्हणजे पाहिजे, सुरतेला आल्या म्हणून काय झालं. लोटन लिंबावर चढायचा, सगळ्यात जाड फांदीवर गोणपाट गुंडाळायचा म्हणजे झाडाची साल घासायची नाही, मग वर दोराची गाठ मारायचा. ती गाठ दोन बायका बसल्या तरी सरकत नसे आणि उतरवताना एका झटक्यात सुटे. सिंधू झोक्यावर उभी राहून गौराईची गाणी म्हणायची. तिच्या माहेराला दुसरं कोणी राहिलं नव्हतं, तिचं माहेर म्हणजे हा भाऊ आणि तो झोका. मी घरात घागर भरून, तिच्यावर खरबूज ठेवून, बापाच्या नावाने नैवेद्य दाखवायचो आणि खिडकीतून तिला बघायचो. गाणं काही ऐकू येत नसे. तिचं तोंड हलताना दिसायचं.

लोटन पडला त्याच्या आधीच्या थंडीत आमच्या भागात तपासणीचं शिबिर भरलं होतं. डोळे दाखवायला गेलो, रांग नव्हती म्हणून कानही दाखवले. एका मुलीने माझ्या कानावर डबडी बसवली आणि आवाज आला की बोट वर करा म्हणाली. मी समोर तिच्या हाताकडे बघून बोट वर करत होतो. तिच्या लक्षात आलं, तिने मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. मग बराच वेळ मी भिंतीकडे बघत बसलो. उजवा कान गेलाय, डावा निम्म्याहून कमी आहे, मशीन लावा, असं तिने चिठ्ठीवर लिहून दिलं आणि काम काय करता विचारलं. मी म्हणालो, झाडं कापतो. त्याला कान लागत नाहीत फारसे, असं ती म्हणाली असावी. तिचे ओठ मला तसे दिसले. चिठ्ठी मी घरी आणून पेटीच्या तळाशी, शाळेच्या दाखल्याखाली ठेवली. कानाला मशीन लावून थाप मारायला उभा राहिलो असतो तर कोण चढलं असतं माझ्या शब्दावर?

आणि मग ती छाटणी. आखाजी होऊन आठवडा झाला असेल. इच्छापोरच्या रस्त्याला एक सोसायटी होती, तिथला गुलमोहर उतरवायचा होता. पार्किंगच्या पत्र्यावर झुकला होता. गुलमोहर हे झाडच बेभरवशाचं. वरून लाल फुलांनी लदलेलं, आणि आत कधी काय चालू असेल सांगता येत नाही. नाना म्हणायचे, बाकीच्या झाडाला एकदा ऐका, गुलमोहराला सावकाश ऐका. त्याच दिवशी सोसायटीत बोअर मारायची गाडी आली होती. पाणी कमी पडत होतं. गेटापाशी ती गाडी जमिनीत दांडा घालत होती, धुरळा उडत होता. टोळीतले सगळे कानावर हात ठेवून उभे होते. मला त्याचा काही त्रास नव्हता. पायाखालची जमीन थरथरत होती, तेवढंच मला कळत होतं.

सोसायटीचे प्रमुख शेजारीच उभे. एका गाडीवाल्याने गाडी हलवली नव्हती आणि ते पुन्हा पुन्हा तेच सांगत होते, "गाडीने लागवुं ना जोईए, भाई," गाडीला लागता कामा नये. लोटनने चपला काढल्या, माझ्यासमोर आला, बोअरच्या गाडीकडे बोट केलं आणि मग स्वतःच्या कानाला हात लावला. थांबायचं का, असं विचारत होता. कान असलेल्या कोणत्याही माणसाने त्या आवाजात थाप मारली नसती. नानांनी बोअरवाल्याची गाडी बंद करायला लावली असती, नाही तर टोळी उचलून घरी आणली असती. पण थांबा म्हणायचं तर कबूल करायचं की मला ऐकू येत नाही, असं त्या क्षणी माझ्या डोक्यात बसलं. किती उलटं डोकं बघा. उलट थांबा म्हटलं असतं तरच मी ऐकणारा ठरलो असतो.

मी हाताने झिडकारल्यासारखं केलं आणि कुऱ्हाड उलटी धरली. थाप मारली, तळहात खोडाला लावला. हातात नुसती बोअरची थरथर. झाड काय सांगतंय ते त्याच्याखाली दबून गेलेलं. प्रमुख बघतायत, टोळी बघतेय, लोटन बघतोय. म्हणून मी कधी नाही ते पुन्हा एकदा थाप मारली. कान दाबून लावला, डोळे मिटले, चांगला दहा आकडे मोजेपर्यंत तसाच उभा राहिलो. ती दुसरी थाप निव्वळ दाखवायची होती. मला माझ्याच कानात माझं रक्त ठोके देताना कळत होतं, दुसरं काही नाही. मी डोळे उघडले आणि म्हणालो, "चढ."

तो चढला. पट्टा होता, दोर होता, सगळं होतं. खोडाच्या दोन फांद्या फुटतात त्या बेचक्याच्या वर जाऊन त्याने पट्टा ज्या जाड फांदीला घातला, तीच फांदी मुळासकट म्हणावी तशी सुटून आली, पट्ट्यासकट, लोटनसकट. मोडण्याचा आवाज सगळ्यांना आला असणार. मी दुसरीकडे बघून दोराचा वेढा घालत होतो, मला आलाच नाही. मला टोळीतल्यांची तोंडं उघडलेली दिसली आणि मग मी वळलो. तो फुलांच्या ढिगात उताणा पडला होता, डोळे उघडे. फांदी जिथून सुटली तिथे हात जाईल एवढं भोक होतं आणि आत नुसता तपकिरी भुगा. गाडीला काही लागलं नाही. प्रमुखांनी ते पहिल्यांदा बघून घेतलं.

दवाखान्यात मी सगळ्यांना सांगितलं की वाळवी होती, आतून खाल्लेलं होतं, बाहेरून कोणाला कळणार. कोणी विचारलंही नव्हतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. टोळीतला एक जण तर म्हणाला की हिरामणभाऊने दोनदा ऐकलं, मी डोळ्यांनी पाहिलं, अजून माणूस काय करणार. माझी दुसरी थाप माझी साक्षीदार झाली. सिंधूने रडता रडता माझ्याच पाठीवरून हात फिरवला, तुमचा काय दोष म्हणाली. तो हात मला अजून पाठीवर जाणवतो. तिने त्या दिवशी मला दोन शिव्या घातल्या असत्या तर मी बरा झोपलो असतो.

कुऱ्हाड मी त्यानंतर हातात घेतली नाही. लोकांना वाटलं, मेहुण्याच्या दुःखाने सोडली, आणि त्यांनी त्याचंही कौतुक केलं. नशिबाने की दुर्दैवाने थापेची गरजही उरली नाही. आता टोपलीची क्रेन येते, माणूस टोपलीत उभा राहून वर जातो, बटण दाबतो. झाड भरीव का पोकळ, कोणाला पडलंय? मी आता खाली फांद्या ओढतो, टेम्पोत भरतो. लोटन खिडकीपाशी बसून साडीला टिकल्या चिकटवतो. ते काम गल्लीत बायका करतात. सुरुवातीला त्याला लाज वाटायची, कोणी आलं की साडी पायांखाली ढकलायचा. पायच बिनकामाचे, त्यांच्याखालून साडी अर्धी बाहेर दिसायची. आता ढकलत नाही. त्याची बोटं फार भरभर चालतात. आखाजीला बायका आता एका गच्चीवरच्या लोखंडी आकड्याला झोका लावतात, सिंधू जात नाही.

यंदा आखाजी झाली आणि चौथ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या लिंबावर पांढऱ्या चुन्याची फुली पडली. गटाराची नवी लाइन टाकायची आहे. आमचीच टोळी येणार होती, मी मुकादमाला सांगून त्या दिवशी खाडा केला. सकाळी क्रेन आली तेव्हा मी माडीवरच होतो. लोटनच्या मांडीवर जांभळी साडी होती आणि तो बाहेर बघत होता. मी त्याच्या मागे उभा. टोपली वर गेली, लिंबाच्या शेंड्याला पोचली. ज्या फांदीवर तो गोणपाट गुंडाळायचा ती आमच्या खिडकीच्या अगदी समोर आहे, तिच्यावर दोराच्या घासाची गुळगुळीत जागा अजून तशीच.

का कोण जाणे, पण मी पेटी उघडली. तळातून चिठ्ठी काढली आणि त्याच्या मांडीवर, साडीवर ठेवली. सहा वर्षं मनात घोळवलेलं सगळं भाषण कुठे गेलं कळलं नाही. मी एवढंच म्हणालो, "लोटन, त्या दिवशी मला काहीच ऐकू आलं नव्हतं. त्याच्या आधीपण येत नव्हतं." माझा आवाज केवढा होता ते मला माहीत नाही. स्वयंपाकघरातून सिंधू बाहेर येऊन उभी राहिली, म्हणजे मोठाच असणार. तिच्या हाताला कणीक होती.

मी तयार होतो. चिठ्ठी तोंडावर फेकेल, शिवी देईल, निघून जा म्हणेल. माझ्याच घरातून त्याने मला हाकललं असतं तर मी गेलो असतो, खरंच सांगतो. लोटनने चिठ्ठी वाचली, घडीवर घडी घालून बारीक केली. मग हातांनी सगळं अंग वळवून माझ्याकडे तोंड केलं, नेहमी करतो तसं. आणि सावकाश, ओठ नीट हलवत बोलायला लागला. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की तो हे इतकी वर्षं कशासाठी करत होता.

त्याला माहीत होतं. टोळीत आला त्याच महिन्यात त्याच्या लक्षात आलं होतं. चारचौघांत दाजींची शोभा कशाला करायची, सिंधूताईला काय वाटेल, म्हणून बोलला नाही. माझ्या 'चढ' वर तो कधी चढलाच नव्हता. चढता चढता कोयत्याच्या मुठीने स्वतः ऐकत जायचा, फांदी पोकळ वाटली तर दुसरीवर जायचा, आणि मी खालून त्याला पोरखेळ म्हणून ओरडायचो. त्या दिवशी बोअरच्या आवाजात त्याला त्याचं ऐकू आलं नाही.

"मग थांबला का नाहीस?" मी विचारलं. "तू का चढलास?"

साडीवरची एक टिकली त्याच्या अंगठ्याला चिकटली होती, ती त्याने काढून परत जागेवर लावली.

"दाजी, तुम्ही दरवेळी एकडाव वाजाडेत," तो आमच्या अहिराणीत म्हणाला. "त्या दिवशी दोनडाव वाजाडं. माले वाटनं, आज दाजीनी खरंच ऐकं."

सिंधू दारात तशीच उभी होती. या वेळी माझ्या पाठीवर कोणाचा हात आला नाही. लोटनने एकदम मान खिडकीकडे वळवली. लिंबाची ती फांदी खाली पडली असावी. त्याने वळवली म्हणून मग मीही वळवली.